हजानकाकांचा मलिदा: पाचपैकी साडेचार तारे

आजवर मी परीक्षणं लिहिली ती एका मिक्सरचं, एका पडदेवाल्याचं आणि रागाच्या भरात एका गादीचं. 'हजानाचं परीक्षण लिहितात का गं कोणी?' असं थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. का नाही? घरी बोलावलं, काम करून घेतलं, पाकीट दिलं. शिवाय आमच्यातल्या नव्या सुना सारख्या विचारत असतात, की नव्या घराचा मलिदा करायचाय, कोणाला सांगू, काय काय आणू, किती द्यायचे. एकदाच लिहून ठेवते.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्रायल, मराठी ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात सांगतात. कोकणात पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून पडलेली, पेणकर, रोहेकर, दिवेकर, त्यामुळे दारावरची पाटी वाचून कोणाला काही पत्ता लागत नाही. हजान म्हणजे सिनेगॉगात, आमच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना चालवणारा माणूस. रब्बी, म्हणजे शिकलेले ज्यू धर्मगुरू, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या नव्हतेच, बाहेरून यायचे. हजानाला आजीच्या तोंडी 'काजी' हा जुना शब्द होता. आमच्या मजल्यावरच्या वहिनी 'तुमचे गुरुजी' म्हणतात आणि मला ते पटलेलं आहे.

मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, सुकामेवा. बाजूला फळं आणि सब्जाची डहाळी. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाहूच्या नावानं नवस फेडायचा, नाहीतर काही चांगलं झालं की आभार मानायचे, त्यासाठी हे ताट मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. त्यावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्यांच्या टापा उमटल्यात अशी श्रद्धा, तिथेही जाऊन करतात. आमचा होता घरातल्या घरात. घोडबंदर रोड, सोळावा मजला, बावीस वर्षांचं होम लोन. आभार मानण्यासारखं आहे की नाही ते हप्ते संपल्यावर सांगेन.

हजानकाकांचं नाव देत नाही, कोणत्या सिनेगॉगचे तेही सांगत नाही. फोन आधीच थांबत नाही त्यांचा. आमच्या लोकांना कोणाबद्दल लिहिलंय ते कळेलच.

बुकिंग. इथेच पहिली चूक केली. शुक्रवारी पाच वाजता फोन लावला, मग साडेपाचला, मग सहाला. शुक्रवारी सूर्य कलला की शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. तोपर्यंत त्यांचा फोन कपाटात असतो. पन्नाशी उलटलेली ज्यू बाई मी, आणि शुक्रवारी संध्याकाळी हजानाला फोन लावत होते. शनिवारी रात्री पावणेनऊला त्यांचाच आला. "बाय, काल तीनदा केलास? कोणी आजारी नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. नंतर लक्षात आलं की मोबाइल सुरू केल्यावर इतके मिस्ड कॉल दिसले की त्यांच्या मनात आधी काय येत असेल.

मग यादी सांगितली. दोन किलो पोहे, जाडे घ्यायचे, धुऊन निथळत ठेवायचे, भिजवून लगदा करायचा नाही. चार नारळ. फळं पाच प्रकारची, त्यात केळी आणि खजूर पाहिजेतच. सब्जा ताजा. पांढरी चादर, धुतलेली, रंगीत काठाची नको. काळ्या मनुका रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळून ठेवायच्या, द्राक्षारसाच्या जागी आमच्यात हेच सरबत चालतं. मी लिहून घेत होते आणि ते मध्येच थांबून विचारत होते, "लिहिलंस?" सब्जा जांभळी नाक्याला मिळाला. फुलवालीनं विचारलं, कोणत्या देवाला? एलियाहूला म्हटलं. तिनं मान डोलावली आणि पाच रुपये कमी केले.

आता अर्धा तारा कुठे कापला ते. सहाची वेळ दिली होती. पाहुणे सहाला हजर, जो आमच्या समाजातला चमत्कारच म्हणायचा. काका आले सात वाजायला दहा कमी असताना. पोह्यांना वरून कोरडेपणा यायला लागला होता, मी दोनदा नारळाचं पाणी शिंपडलं. त्या दुपारी पनवेलला एका बाळाची मिला होती, म्हणजे सुंता. ती आठव्या दिवशीच करायची असते, आठवा दिवस माझ्या मलिद्यासाठी पुढे सरकत नाही. मान्य. पण रविवारी पनवेलहून घोडबंदरला तासात पोचू, हा हिशेब कोणी केला? फोनवर 'आलोच' म्हणत होते तेव्हा मागे कळंबोलीचे ट्रक ऐकू येत होते.

आल्या आल्या मात्र चपला काढल्या, हात धुतले आणि थेट दाराच्या चौकटीपाशी गेले. मेझुझा लावायचा होता. बोटाएवढी नळी असते. आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेला शेमा, 'ऐक, हे इस्राएल'. आत येताना उजव्या हाताच्या चौकटीवर, जरा तिरका लावतात. माझा चुलत बहिणीनं इस्राएलमधल्या अश्दोदहून पाठवलेला. आमच्या बिल्डरनं चौकटीला ग्रॅनाइट लावलेलं, खिळा जाणार नाही, ड्रिल मारलं तर सोसायटीचं पत्र येणार. मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं तोवर काकांनी पिशवीतून दुहेरी चिकटपट्टीचं रीळ काढलं. पुढे लहान कात्री, स्पिरिटची बाटली, कापूस. ग्रॅनाइट स्पिरिटनं पुसलं, फुंकर मारून वाळवलं, पट्टी कापली, प्रार्थना म्हटली आणि मेझुझा अंगठ्यानं दाबून धरला. मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. "साठपर्यंत दाबायचा," म्हणाले, "नाहीतर पावसाळ्यात पडतो." प्रत्येक नव्या टॉवरला ग्रॅनाइट असतं म्हणे आता. जुन्या चाळीतल्या सागवानी चौकटींना दोन चुका ठोकल्या की झालं. तीन महिने झाले, मुसळधार पाऊस झाला, हललेला नाही. फक्त कुरिअरवाला बेल समजून तोच दाबतो.

मग पुरुष मोजले. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत आले, पण जवळून प्रथमच बघितली. आमच्यात माणसांना एक-दोन-तीन करून मोजत नाहीत. स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वचन आहे, 'तुझ्या लोकांना तार' अशा अर्थाचं, ते पुटपुटत एकेका माणसाकडे बघायचं. होशिया, एत, अम्मेखा... वचन पुरं झालं की दहा झाले. दहा प्रौढ, म्हणजे तेरा वर्षांवरचे, पुरुष म्हणजे मिनियान, त्याशिवाय सामुदायिक प्रार्थनेतल्या काही गोष्टी करता येत नाहीत. मलिद्याला मिनियान लागतंच असं नाही, पण सवय. काकांची नजर सोफ्यावरून, गॅलरीतून, फ्रिजपाशी उभ्या असलेल्या माझ्या भावावरून फिरली आणि शेवटचा शब्द, हाओलाम, माझ्या मुलावर येऊन थांबला. तो मोबाइलमध्ये. काका नुसते हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मलिद्याबद्दल काय लिहू? चादर अंथरली, ताट मध्ये, सगळे भोवती. काकांचा आवाज आता पूर्वीसारखा नाही, वरच्या पट्टीत फाटतो, पण चाल जराही हलत नाही. 'एलियाहू हनाबी' सुरू झालं की आमची सत्तर-ऐंशीची माणसं पुस्तकात न बघता म्हणतात आणि तिशीची ओठ हलवतात. छापील पुस्तिका वाटल्या होत्या, हिब्रू शब्द देवनागरीत लिहिलेल्या. झेरॉक्सची झेरॉक्स आहे ती, माझ्या प्रतीत सातवं पान दोनदा आणि आठवं गायब. काका, प्लीज, एकदा नवीन छापून घ्या, खर्च मी देते. हे इथे लिहिते कारण तोंडावर तीन वेळा सांगून झालंय.

पण एक गोष्ट ते करतात जी सगळे हजान करत नाहीत. दर प्रार्थनेनंतर थांबून मराठीत सांगतात. इसहाकानं याकोबाला दिलेला आशीर्वाद असतो, आकाशाचं दंव, जमिनीची सुपीकता, धान्य आणि द्राक्षारस भरपूर मिळो असा. तो सांगून काका माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सोळाव्या मजल्यावर दंव पहिलं तुलाच." झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, भूमीच्या फळाचा वेगळा. केळं भूमीच्या फळात जातं, कारण केळीला ते झाड मानत नाहीत. यावर शेजारच्या वहिनींनी शंका काढली आणि दोघांची पाच मिनिटं केळीवर चर्चा झाली. सब्जाची डहाळी हातोहात फिरली, प्रत्येकानं हुंगली. मग खजूर, केळं, आणि शेवटी ओंजळीत मूठभर मलिदा. पोहे कोरडे पडले नव्हते. नारळाचं पाणी कामी आलं.

जेवणाबद्दल लिहायला नको, पण लिहिते. केटररला (नाव नको, माणूस वाईट नाही) दहा वेळा सांगितलं होतं की मटण आहे म्हणजे दुधाचं काही नको. आमच्यात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून तर आमच्या बायका सगळं नारळाच्या दुधात करतात. हो हो म्हणाला आणि बिर्याणीबरोबर रायता घेऊन आला, वर 'हा कॉम्प्लिमेंटरी आहे मॅडम'. सुरुवातीला द्यायला कोळंबीसुद्धा आणली होती. मला घाम फुटला. काकांनी आवाज न चढवता रायत्याचं पातेलं उचललं आणि गॅलरीत नेऊन ठेवलं. कोळंबी वॉचमनच्या केबिनमध्ये गेली. मग सगळ्यांना गोळा करून दाऊद राहबीची गोष्ट सांगितली. फार पूर्वी राहबी हा बाहेरचा ज्यू कोकणात आला, त्यानं हे तेली ज्यू आहेत का ते बघायला बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी शिजवायला घेतली, बाकीची बाजूला सारली. मग त्यानं तीन जणांना शिकवून काजी केलं. काका ही गोष्ट प्रत्येक समारंभात सांगतात आणि दर वेळी माशांची नावं बदलतात. या खेपेला सुरमई आणि कोळंबी होती.

पाहुणे गेल्यावर ते थांबले. चहा नको म्हणाले, मटणावर दुधाचा चालत नाही, कोरा दिला. तेव्हा त्यांची वही पाहिली. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट, किराणा दुकानात उधारीला असते तशी. घरागणिक पानं. कोणाचा जन्म, कोणाचं लग्न, आणि डाव्या बाजूला मृत्यूच्या हिब्रू तारखा. आमच्या पानावर बाबा होते. 10 इय्यार 5781.

बाबा गेले ते 22 एप्रिल 2021 ला सकाळी. ते दिवस सगळ्यांच्याच लक्षात आहेत. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण आमच्याकडे वीस येणारच कोण होतं? काका धरून सहा पुरुष होते दफनभूमीत. कद्दीश, म्हणजे मुलानं बापासाठी म्हणायची प्रार्थना, त्याला दहा लागतात. माझा भाऊ पुस्तक हातात धरून उभा होता. काकांनी आजूबाजूला पाहिलं, ते दहा शब्दांचं वचन म्हटलंसुद्धा नाही, भावाच्या हातावर हात ठेवून पुस्तक मिटलं. "राहिलंय, लक्षात आहे," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी मी 22 एप्रिलला दिवा लावला आणि माझ्या दृष्टीनं वर्ष झालं. मे महिन्यात त्यांचा फोन. "बाय, 11 मेला बाबांचा दिवस येतो. भावाला घेऊन ये, दहा मी जमवतो." हिब्रू पंचांग चंद्राचं, त्या वर्षी अधिक महिना होता, तारीख एकोणीस दिवस पुढे गेली होती. मला कुठलं माहीत! दहा त्यांनी जमवले होते. त्यातल्या चौघांनी माझ्या बाबांना कधी पाहिलंही नव्हतं.

अशी किती घरं आहेत त्या वहीत ते मी विचारलं नाही. पानं पातळ होत चाललीत एवढं दिसलं. बऱ्याच पानांच्या वर 'लोद', 'बीरशेबा', 'दिमोना' असं लिहिलेलं, म्हणजे ते कुटुंब इस्राएलला गेलं. तिथूनही फोन येतात त्यांना, आजोबांची तारीख काय हो म्हणून. तिकडे लग्न लागायचं तर इथल्या सिनेगॉगचं पत्र लागतं की ही मुलगी आमच्यातली आहे. साठच्या दशकात तिथल्या रब्बींनी आमच्या ज्यू असण्यावरच प्रश्न काढला होता. 1964 साली जेरुसलेमला आमच्या लोकांना धरणं धरावं लागलं, तेव्हा मिटलं. त्यामुळे काका असं पत्र लिहिताना फार जपून लिहितात, आजी-पणजीपर्यंत विचारतात. माझ्या मुलाच्या कॉलेजच्या वेळीही त्यांच्याकडेच धावले होते. राज्य सरकारनं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी फॉर्मवर आम्ही 'इतर'.

हे सगळं करून पोट भरतं का? नाही. काका तीस वर्षं एका कंपनीत स्टोअरकीपर होते, हजानकी सकाळ-संध्याकाळ आणि शनिवारी. शिवाय कोंबड्या कापायला जायचे, कारण कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारी, कोंबडी हवी तर सुरी चालवणारा शिकलेला लागतो. ती सुरी अजून त्यांच्याकडे आहे, धारेला खाच नाही ना हे नखावरून फिरवून बघतात. मी पगाराचं बोलले तर त्यांनी शेलोमो सालेम शुर्राबीचं नाव काढलं. हा कोचीनहून आलेला हजान, मुंबईच्या आमच्या सिनेगॉगात वर्षाला 100 रुपयांवर प्रार्थना चालवायचा आणि पोटासाठी पुस्तकं बांधायचा. बांधणी करता करता कोणी शास्त्रातलं विचारायला आलं तर उत्तर द्यायचा. 1856 मध्ये वारला. "त्याच्यापेक्षा माझं बरं," काका म्हणाले, "मला प्रॉव्हिडंट फंड मिळाला." मग वहीच्या सुटलेल्या शिवणीवर बोट फिरवून म्हणाले, "पण बांधणी शिकायला हवी होती."

दर. ठरलेला नाही. विचारलं तर 'द्या काय द्यायचं ते' म्हणतात, ज्यानं माझ्यासारखीची झोप उडते. चार जणांना विचारून मी 2,100 रुपये पाकिटात घातले आणि रिक्षाचे वेगळे. पाकीट न उघडता पिशवीत टाकलं, रिक्षाचे परत केले, कारण माझा भाऊ सोडायला जाणार होता. मलिद्याचा एक डबा मात्र मागून घेतला, घरी काकू वाट बघतात म्हणून.

मला वाटलं व्यवहार संपला. खरं बिल आलं बुधवारी. फोन मला नाही, मुलाला. शनिवारी सकाळी आठला नऊच जण होतात, एकजण गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलाय, येशील का? कसा येशील, गाडीनं की चालत, हे काका कोणालाच विचारत नाहीत, स्वतः मात्र चालत जातात. माझा मुलगा, जो मी उठवलं तर दहाला उठतो, 'हो काका' म्हणाला आणि मग माझ्याकडे असं बघू लागला की जणू मीच कट केला.

तर मलिदा करायचा असेल तर यांनाच सांगा. वेळ सहाची हवी असेल तर पाचची सांगा. शुक्रवारी दुपारी तीननंतर फोन करू नका. पुस्तिकेची स्वतःची प्रत न्या. आणि घरात तेरा वर्षांवरचा मुलगा असेल तर त्याचा नंबर त्यांना मिळणार, हे गृहीत धरा.

मुलाचे आता सात शनिवार झाले. गेल्या वेळी आल्यावर विचारलं, कसं होतं? सरबत पातळ होतं म्हणाला. आणि शेवटचा शब्द बराच वेळ कोणावरच पडत नव्हता, मग सव्वानऊला मुलुंडहून एक आजोबा छत्री झटकत आले.